गोल आधी ऐकू येतो

आसेगावात गोल एका वेळी होत नाही, हप्त्याहप्त्याने होतो. आधी ज्याच्या घरावर डिशची छत्री आहे त्याच्याकडे होतो. मग बसस्टॉपवरच्या चहाच्या टपरीत, कारण तिथे मोबाईल बरा चालतो. मग मारुतीच्या पारावर. सगळ्यात शेवटी गावाबाहेर, पांदण रस्त्याच्या पलीकडे, जिथे रेंजची एक दांडी येते आणि जाते. युरोपातला मोठा सामना असला की रात्री गावाच्या एका टोकाला आरोळी उठते आणि अर्ध्या मिनिटाने दुसऱ्या टोकाला. मधल्या अर्ध्या मिनिटात पारावरच्या पोट्ट्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. त्यांच्या मोबाईलवर बॉल अजून मैदानाच्या मध्यावर आहे, कोणीतरी आरामात मागे पास देतोय, आणि यांना कळून चुकलंय की आता गोल होणार. कोण मारणार एवढंच बघायचं उरलंय.

टपरीवाल्यांनी ओरडायचं नाही, असा ठराव कितीदा तरी झाला. पण गोल झाल्यावर ज्याला ठराव आठवतो तो माणूस फुटबॉल बघतच नसावा.

हे आसेगाव मंगरूळपीर तालुक्यातलं. जिल्ह्यातच रिसोडकडे आसेगाव पेन आहे, अमरावतीकडे आसेगाव पूर्णा आहे, म्हणून वर्तमानपत्रात आमच्या गावापुढे कंसात 'पो.स्टे.' छापतात. पोलीस स्टेशन हीच आमची ओळख. फुटबॉलसाठी आमचं नाव कोणी घेतलेलं नाही आणि घ्यायचं काही कारणही नाही. इथे क्रिकेट आहे, कबड्डी आहे, शंकरपटाचं वेड आहे. फुटबॉलवाले मूठभर, आणि त्यातले निम्मे मेस्सीवाले, निम्मे रोनाल्डोवाले, म्हणजे एकमेकांशी न बोलणारे.

गोल उशिरा का येतो ते मला पुतण्याने समजावून सांगितलं. मैदानावरचं चित्र कॅमेऱ्यातून निघतं तेव्हा अखंड असतं. ते इंटरनेटवरून पाठवायचं तर त्याचे काही-काही सेकंदांचे तुकडे पाडतात, आणि प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या मापांत दाबून ठेवतात. रेंज चांगली असेल त्याला मोठा, रडतखडत असेल त्याला लहान. मोबाईल हे तुकडे एकामागोमाग उचलतो, पण आला की लगेच दाखवत नाही. पुढचा तुकडा वाटेत अडकला तर पडदा रिकामा राहू नये म्हणून थोडे गाठीशी ठेवतो. ही जी शिल्लक, तोच उशीर. छत्रीवरून येणारं चित्रही काही सेकंद मागे असतंच. मोबाईल त्याच्याही मागे, कधी वीस-तीस सेकंद, कधी त्याहून जास्त. आणि दोन मोबाईलची शिल्लक सारखी नसते. पारावर मांडीला मांडी लावून बसलेल्या दोघांत एकाचा कॉर्नर चालू असतो आणि दुसऱ्याचा अजून थ्रो. वर कोपऱ्यात 'लाइव्ह' मात्र दोघांच्याही मोबाईलवर लिहिलेलं असतं.

आमच्या वेळी सगळेच सारखे मागे असायचे, कारण टीव्हीच एक होता. फुटबॉलचा वर्ल्ड कप जून-जुलैत यायचा, आणि आमच्याकडे जून-जुलै म्हणजे पेरणी. दिवसभर तिफणीमागे चालायचं आणि रात्री साडेबाराला फ्रान्समधला सामना बघायला दुसऱ्याच्या अंगणात जाऊन बसायचं, हे घरच्यांच्या गळी उतरवणं सोपं नव्हतं. १९९८ साली १ जुलैला अकोल्यातून निघून वाशीम जिल्हा झाला. त्याच रात्री साडेबाराला, म्हणजे घड्याळाच्या हिशेबाने जिल्ह्याचं वय अर्धा तास असताना, तिकडे सेंत-एतिएनला अर्जेंटिना आणि इंग्लंड मैदानात उतरले. आमचा टीव्ही काळा-पांढरा, लहान, लाईन गेली की ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालणारा. पडद्यावर इंग्लंड उजळ, अर्जेंटिना गडद. अठरा वर्षांच्या ओवेनने अर्धं मैदान कापत तो गोल केला, बेकहॅमला तांबडं कार्ड मिळालं, आणि शेवटी पेनल्ट्यांवर इंग्लंड गेलं. दुसऱ्या दिवशी गाव नव्या जिल्ह्याबद्दल बोलत होतं. आता कचेरीच्या कामाला अकोल्यापर्यंत हेलपाटे घालायला नकोत म्हणून मोठी माणसं खुशीत होती. आम्ही चौघं-पाचजण मात्र बेकहॅमने पाय उचलला तो मुद्दाम की चुकून, यावर हमरीतुमरीवर आलो होतो.

ज्यांचा टीव्ही ते आबाजी खाटेवर पडल्या-पडल्या मधूनच विचारायचे, "किती झाले?" दोन्हीकडे तेवढेच, असं सांगितलं की कूस बदलायचे. अर्ध्या तासाने पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर. "मंग एवढा वेळ काय करून राह्यले ते?" या प्रश्नाचं उत्तर मला आजही देता येत नाही, आणि मला वाटतं फुटबॉल ज्याला आवडतो त्याला ते द्यावंसंही वाटत नाही. गोलाच्या मधलं जे न घडणं आहे तेच तर बघायचं असतं.

त्या अंगणाबद्दल हळवं व्हायला मला आवडतं, पण एक गोष्ट आठवली की आवरतं घेतो. तिथे एकही मुलगी नव्हती. रात्री साडेबाराला दुसऱ्याच्या दारात जाऊन खेळ बघणं हे पोट्ट्यांचं काम. माझ्या बहिणीला क्रिकेट माझ्यापेक्षा जास्त कळायचं. फुटबॉल कळला असता की नाही हे तपासायची वेळच तिच्यावर आली नाही. पुढे घराघरात टीव्ही आले, केबल आली, पण रिमोट होता तो घरातल्या सगळ्यात वडील हाताकडे, आणि त्या हाताला क्रिकेट, बातम्या आणि कीर्तन यापलीकडे काही लागत नव्हतं. मालिकांचा तास तर कोणीच तोडू शकत नव्हतं. गावात फुटबॉलवाला असणं म्हणजे घरातल्या अल्पमतात असणं.

म्हणून मोबाईलने एकत्र बघण्याची मजा घालवली असं कोणी म्हटलं की मी मान डोलावत नाही. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं. त्याआधी एक जीबी लोक महिनाभर पुरवून वापरायचे, त्यानंतर दिवसाला एक-दीड जीबी हाताशी आलं. २०१८ पासून तीन हंगाम स्पेनच्या ला लिगाचे सामने भारतात फेसबुकवर फुकट दिसले. एवढं झालं आणि आमच्या गावात बार्सिलोना आलं. मंगरूळपीरच्या बाजारात मिळणारी, दोन धुण्यांत दहा आकडा उडणारी मेस्सीची जर्सी आली. माझी पुतणी अकोल्याला कॉलेजात आहे. २०२३ च्या महिलांच्या वर्ल्ड कपची फायनल, स्पेनने इंग्लंडला १-० ने हरवलं ती, तिने मैत्रिणींबरोबर मोबाईलवर बघितली आणि मध्यंतरात मला फोन करून ऑफसाइडचा एक निर्णय कसा चूक होता ते ऐकवलं. मी तो सामना बघत नव्हतो. गावात कोणीच बघत नव्हतं. तिला कोणाकडे रिमोट मागावा लागला नाही, एवढं मला पुरे आहे.

कतारचा वर्ल्ड कप तिथल्या उन्हाळ्यापायी नोव्हेंबर-डिसेंबरात गेला आणि थेट आमच्या रब्बीत येऊन पडला. सोयाबीन निघून गेलं होतं, तूर शेंगांवर होती, हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस होते. तिकडे शेलूबाजारावरून जाणारा समृद्धी महामार्ग नुकताच, ११ डिसेंबरला, नागपूरपासून शिर्डीपर्यंत सुरू झालेला. पोट्टे रात्री मोटारसायकली घेऊन पुलावर त्याचे दिवे बघायला जायचे. १८ डिसेंबर, रविवार, फायनल साडेआठला. शेतातल्या पंपांची वीज पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. त्या आठवड्यात आमची पाळी रात्रीची होती. भाऊ घरी टीव्हीपुढे बसला. मी आणि पुतण्या स्वेटर, बॅटरी आणि काठी घेऊन शेतात. काठी रानडुकरांसाठी.

स्प्रिंकलरचे पाइप थोड्या-थोड्या वेळाने उचलून पुढे टाकावे लागतात. ओल्या पाइपाला हात लावला की डिसेंबरची थंडी कोपरापर्यंत चढते. मोबाईल आम्ही पारदर्शक पिशवीत घालून मोटरीच्या पेटीवर टेकवला होता. स्प्रिंकलर फिरत आमच्या बाजूला आला की पिशवीवर थेंब बसायचे, आणि थेंबाखाली सापडलेला खेळाडू क्षणभर दुप्पट मोठा होऊन पुन्हा आपल्या मापाचा व्हायचा. बॉल एरवीही ज्वारीच्या दाण्याहून लहान. रेंज उतरली की चित्र फिसकटायचं आणि तो नाहीसाच व्हायचा. मग खेळाडू कुठे तोंड करून पळतात त्यावरून बॉल कुठे असेल ते ताडायचं. आम्ही त्यात इतके पटाईत झालो होतो की चित्र स्वच्छ झालं की उलट गोंधळायला व्हायचं.

अर्जेंटिना २-० पुढे. मेस्सीची पेनल्टी आणि डी मारियाचा गोल. दुसरा हाफ संपत आला तरी फ्रान्समध्ये जीव दिसेना. "काका, संपलंच समजा. मी पाइप टाकून येतो," म्हणून पुतण्या उठला आणि अंधारात बॅटरीचा ठिपका लांब-लांब जात राहिला. तो पार बांधापाशी असताना फ्रान्सला पेनल्टी मिळाली आणि एम्बाप्पेने ती मारली. मी हाक मारेपर्यंत त्याने हवेतला बॉल तसाच फटकावून दुसरा गोल केला. दोन गोलांत अंतर ९७ सेकंदांचं. मी ओरडलो. तो तिकडून ओरडला, "काका, मजाक नका करू!"

आला तो चिखलाच्या हातांनी. अंगठा पँटला पुसला, चित्राखालची रेघ मागे ओढली आणि दोन्ही गोल शांतपणे, एक शब्द न बोलता बघितले. मी म्हटलं, आता ते 'लाइव्ह' दाब, आपण मागे राहिलोय. त्याने दाबलं नाही. "मधलं सुटते ना मंग." आणि अशा रीतीने वर्ल्ड कपची उरलेली फायनल, जादा वेळेसकट, आम्ही जगाच्या दोन-अडीच मिनिटं मागे बसून पाहिली. हे मला फार नवं वाटलं. आबाजींच्या अंगणात सुटलेला गोल सुटलेलाच असायचा. लघवीला गेलेल्याला मागून नुसतं वर्णन मिळायचं, आणि वर्णन करणारा त्यात आपल्या पदरचं घालायचा. इथे पोराने सामना थांबवून ठेवला होता.

जादा वेळेत मेस्सीने अर्जेंटिनाचा तिसरा मारला, एम्बाप्पेनेही पेनल्टीवर आपला तिसरा मारला, आणि अगदी शेवटी कोलो मुआनी एकटा समोर आला असताना गोलकीपर मार्टिनेझने डावा पाय लांब करून जे अडवलं ते आम्ही मागे ओढून पुन्हा बघितलं. म्हणजे आणखी मागे पडलो. अकरा वाजून गेले होते. पेनल्ट्या सुरू झाल्या. आमच्या पडद्यावर चुआमेनीने बाहेर मारली आणि अर्जेंटिनाचा परेदेस बॉल ठेवायला निघाला, तेवढ्यात गावाकडून फटाक्यांची लड वाजली.

पुतण्याने माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाला, "लग्नसराई हाय. वरातीचे असन."

गावात त्या दिवशी लग्न नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं. मी काही बोललो नाही. मोंटिएल शेवटची पेनल्टी घ्यायला आला तेव्हा पोराने डोळे अर्धवट मिटून हात जोडले होते, खरोखरचे, देवापुढे जोडतात तसे. आणि गोल झाल्यावर तो ओल्या हरभऱ्यातून उड्या मारत सुटला. पिकाचं नुकसान मी डोळ्याआड केलं.

त्या रात्री जिओसिनेमावर ३ कोटी २० लाख प्रेक्षकांनी फायनल पाहिली, असा कंपनीचा आकडा आहे. आमचा मोबाईल त्यात एक धरला असेल. भारतात बसून एवढ्या लोकांनी एक फुटबॉलचा सामना मोबाईलवर बघावा, तोही आपला संघ नसताना, ही लहान गोष्ट नाही. समालोचन हिंदी, इंग्रजी, तमिळ, मल्याळम आणि बंगाली अशा भाषांत होतं. मराठी नव्हतं. पुढच्याच वर्षी आयपीएलला मराठी समालोचन मिळालं. फुटबॉल मराठी माणूस बघतो हे कोणाच्या हिशेबात आलेलं दिसत नाही. केरळात पुल्लावूरच्या नदीत मेस्सी-नेमारचे तीस-चाळीस फुटी कटआउट उभे राहिले, तिथल्या लोकांना त्यांच्या भाषेत गोल ऐकायला मिळतो, ते रास्तच आहे. पण कोल्हापूरच्या पेठांतही ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात की!

मला खरी काळजी वाटते ती वेगळीच. पुतण्याचे मित्र, त्याच्याहून लहान, शाळेतले, आता सामना बघतच नाहीत. गोल बघतात. तीस सेकंदांचा तुकडा, खाली गाणं, अंगठा वर, पुढचा तुकडा. मेस्सीने २००७ साली गेटाफेविरुद्ध निम्मं मैदान पार करून केलेला गोल त्यातल्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे. कोणाला कसा चकवला ते हाताने करून दाखवतात. एकदा विचारलं, मग त्या स्पर्धेत पुढे काय झालं? माहीत नाही. तो सामना बार्सिलोनाने ५-२ जिंकला आणि परतीच्या सामन्यात गेटाफेने त्यांना ४-० ने घरी पाठवलं. तो जगप्रसिद्ध गोल हरलेल्या संघाचा आहे. तुकड्यात हे मावत नाही. पोरांचाही दोष नाही. नव्वद मिनिटं चांगलं चित्र बघायचं तर दिवसाचा डेटा मध्यंतरालाच आटतो आणि मग 'हॉटस्पॉट दे बे' करत फिरावं लागतं. वर एक स्पर्धा एका ॲपवर, दुसरी दुसऱ्यावर, आणि फुकट होतं ते पुढच्या हंगामात पैशांचं. प्रीमियर लीगला जिओहॉटस्टार, चॅम्पियन्स लीगला सोनी लिव्ह. ज्याच्या घरी सोयाबीनचा भाव हमीभावाच्या खाली गेला की रिचार्जही लांबतो, तो पोरगा गोलाचे फुकट तुकडे बघणार नाही तर काय करणार.

तरीपण यूट्यूबवर एक गोष्ट अशी हाती लागली की तिच्यासाठी मी या सगळ्या पसाऱ्याला माफ करतो. कोल्हापूर. शाहू स्टेडियमवर तालमींचे संघ खेळतात, पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल. पेठेच्या पेठा बघायला लोटतात. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव तिथलाच. हे सामने आता यूट्यूबवर थेट दिसतात. कॅमेरा थरथरतो, मधेच कोणाचं तरी डोकं आडवं येतं, पण शिव्या मराठीत, कौतुक मराठीत आणि भांडणही मराठीत. वऱ्हाडातला पोट्टा बार्सिलोनाचा सामना आटोपून खंडोबा विरुद्ध पाटाकडील लावून बसतो, हे आबाजींच्या अंगणात कोणी सांगितलं असतं तर त्याला हसून बाहेर काढलं असतं.

आणि हे बघूनच पोट्ट्यांना वाटलं, आपलाही दाखवू. बॉलची अडचण नव्हती. १५ सप्टेंबर २०१७ ला राज्यभर शाळकरी मुलांना एका दिवशी फुटबॉल खेळायला लावलं होतं, तेव्हा शाळाशाळांना बॉल वाटले गेले. आमच्या गावात फुटबॉल सरकारी वाटेनेच शिरला म्हणायला हरकत नाही. दिवाळीत सोयाबीन निघून रान मोकळं झालं की चाकण-पुण्याला कंपनीत असलेले पोरगे घरी येतात. वरचा पुरा विरुद्ध खालचा पुरा. गोलपोस्ट बांबूचे, वरची आडवी दांडी नाहीच. बॉल वरून गेला की आतून, यावर निम्मा सामना भांडणात जातो. मोबाईल लिंबाच्या फांदीला सुतळीने बांधला, फेसबुकवर लाइव्ह सुरू केलं, आणि वयाने मोठा म्हणून शिट्टी माझ्या गळ्यात अडकवली.

वरच्या पुऱ्याचा हुकमी गडी चाकणला अडकला होता, कंपनीने सुट्टी दिली नव्हती. तो तिकडून बघत होता. पुतण्याने खालच्या पुऱ्याकडून पहिला गोल मारला, मी शिट्टी दिली, सेंटर झाली, खेळ पुढे गेला, आणि माझ्या खिशातला मोबाईल वाजला.

"काका, तो गोल नोता! बॉल दांडीच्या बाहेरून गेला, मी सोता पाह्यलं!"

खेळ थांबवून सगळे माझ्याभोवती जमले. व्हीएआर, व्हीएआर, असा एकच गलका झाला. मी त्याला समजावलं की बापू, तू अर्धा मिनिट मागे आहेस, निर्णय लागून इकडे सेंटरही झाली, आणि सेंटरनंतर तुमच्याच लोकांनी...

"थांबा, थांबा," तो तिकडून ओरडला, "सांगू नका काका! मले पाहू द्या."